मिसळणाचा डबा आणि आपलं लिव्हर

(रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मंडळाने आयोजित केलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



मंडळाने मला विषय दिला, ‘स्वयंपाकघरातील मसाले आणि यकृताचे आरोग्य’. तीसएक वर्षं मी या गावात रक्त तपासलं. निम्म्या जामखेडला मी ‘लॅबवाल्या काकू’ म्हणूनच माहीत आहे. म्हणजे विषय माझ्या ओळखीचा. तरी मी दोन दिवस नाहीच म्हणत होते. त्याचं कारण आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होईन.

२०२० चा लॉकडाऊन आठवा. गेटला बांबू बांधलेला, दूधवाला बाहेरूनच पिशव्या ठेवून जायचा. मोबाईलवर रोज दहा-दहा मेसेज, हे प्या, ते प्या, प्रतिकारशक्ती वाढवा. आपल्या पाण्याच्या टाकीजवळ कडुनिंब आहे. त्यावर गुळवेल चढलेली, ती मीच लावलेली. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणकारी, असं माझी आजी म्हणायची. मी कोयता घेतला, वेलीचे वीत-वीत तुकडे केले आणि आपल्या बत्तीसच्या बत्तीस घरांच्या पायरीवर ठेवून आले. सोबत चिठ्ठी होती. ‘रात्री ठेचून भिजवा, सकाळी उकळा, हळद, दालचिनी, मिरे घाला, घरातल्या प्रत्येकाने अर्धा पेला घ्या.’ खाली माझं नाव. लॅबवाल्या काकूंनी सांगितलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

आमच्या घरी सगळ्यात नेमाने काढा घेतला तो यांनी. अर्ध्याचा पूर्ण पेला झाला, आणि चार महिने एक दिवस खाडा नाही. पाचव्या महिन्यात अंगाला खाज सुटली. आम्हाला वाटलं, सॅनिटायझरमुळे असेल. मग जेवणावरची वासना गेली, लघवी चहाच्या रंगाची व्हायला लागली. एके दिवशी उन्हात बसले असताना त्यांच्या डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं. मी काही बोलले नाही. लॅबची किल्ली घेतली, यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि स्वतःच्या हाताने रक्त काढलं. एसजीपीटी साधारण चाळीसच्या आत असावं लागतं. यांचं अकराशेच्या वर होतं. मशीन चुकलं असेल म्हणून परत लावलं. तेच आलं. तीस वर्षं लोकांच्या हातात असे कागद दिले, पण हातपाय गळणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

नगरला गेलो, तिथून पुण्याला. कावीळ ए, बी, सी, ई, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. दारूचा तर प्रश्नच नाही, हे वारकरी माणूस. डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? मी घडाघडा सांगितली, बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘काढा वगैरे?’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काढा हे ‘औषध’ आहे, असं मी कधी धरलंच नव्हतं. ते तर घरचं.

काढा बंद झाला, काही दिवस स्टिरॉइड दिली, आणि आकडे हळूहळू उतरत नॉर्मलला यायला चार महिने गेले. आज हे पहिल्या रांगेत बसलेत, आणि मी फार लांबण लावतेय अशा खुणा करतायत. म्हणजे सगळं ठीक आहे.

पण ती चिठ्ठी मी मागे घेतली नाही. शेजारच्या दोन घरांत सांगितलं, बाकी तीस घरांना सांगायची लाज वाटली. चार-साडेचार वर्षं हे मनात खुपतंय. आज सगळ्यांसमोर सांगते, ती चिठ्ठी फाडून टाका. अजून कोणी रोज गुळवेल घेत असेल तर आधी रक्त तपासून घ्या.

आमच्या घरी झालं ते काही जगावेगळं नव्हतं, हे नंतर कळलं. मुंबईत डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत असे सहा रुग्ण पाहिले होते. सगळ्यांना लिव्हरची सूज आणि सगळ्यांच्या पोटात गुळवेल. त्यांचा लेख २०२१ मध्ये आला. आयुष मंत्रालयाने तेव्हा ते मान्य केलं नाही, गुळवेलीला बदनाम करू नका, ती सुरक्षित आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्याच वर्षी देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लिव्हरवर उलटते, तसं चित्र त्यातल्या बऱ्याच जणांत होतं. विचार केला तर यात नवल नाही. प्रतिकारशक्ती चाळवायचं म्हणूनच आपण ती वेल पीत होतो. बहुतेकांना काही होत नाही, एखाद्याला होतं. तो एखादा कोण, हे आधी कळायला मार्ग नाही.

मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलतेय असं कृपा करून समजू नका. आपल्या गावातल्या एका जुन्या वैद्यांना मी हे सगळं सांगितलं, तर ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, ‘ताई, गुळवेल कुणाला द्यायची, किती द्यायची, किती दिवस द्यायची, हे बघायला आम्ही बसलोय ना? तुम्ही चहासारखी वाटलीत!’ बरोबरच होतं त्यांचं. वेल मात्र मी तोडली नाही. टाकीजवळ आहे तशीच आहे. तिचा काय दोष?

आता मसाल्यांकडे येते. मिसळणाचा डबा उघडला की पहिली नजर हळदीवर जाते. आणि हळदीच्या बाबतीत आपण दोन टोकांना उभे आहोत. माझ्या लॅबमध्ये कावीळ झालेला माणूस यायचा, त्याच्या घरच्यांनी पहिलं काम काय केलेलं असायचं? जेवणातली हळद बंद! का, तर हळद पिवळी आणि कावीळ पिवळी. काविळीचा पिवळा रंग बिलिरुबिनचा. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून ते तयार होतं आणि लिव्हर ते पित्तातून बाहेर टाकतं. लिव्हर आजारी पडलं की ते साठतं. हळदीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण हळद बंद, तेल बंद, वरण बंद, आणि दिवसातून चार वेळा रसवंतीवरचा उसाचा रस. त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नव्हतं.

वास्तविक ए आणि ई प्रकारची कावीळ येते तीच मुळी घाण पाण्यातून. टँकरचे दिवस आले की माझ्याकडे काविळीचे कागद वाढायचे. गरोदर बाईला ई कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, आणि तीच बाई दोन आठवडे गळ्यात काविळीची माळ घालून बसलेली मी पाहिली आहे. माळ वाढते म्हणजे कावीळ उतरते म्हणे. माळेच्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. कावीळ बरी होते ती बहुतेक वेळा आपली आपण. नाव मात्र माळेचं होतं.

आपल्या जामखेडात हे फार आधी सांगितलं गेलंय, याचं मला वाईटही वाटतं आणि अभिमानही वाटतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये इथे आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या होत्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरची माणसं आपल्या या गावात शिकायला आली. त्यांची रीत साधी होती, औषधाच्या आधी पाणी, अन्न, स्वच्छता. जुलाब झालेल्या लेकराला घरातलंच मीठ-साखर-पाणी, पण मापात. मापात, हा शब्द मी पुन्हा म्हणते. मीठ जास्त पडलं तर तेच पाणी लेकराला घातक. घरातली वस्तू औषध म्हणून वापरायची तर तिला माप लागतं. एवढं शिकवणाऱ्या गावात राहून मी बत्तीस घरांना बिनमापाचा काढा वाटला!

तर हळदीचं दुसरं टोक. एकीकडे काविळीत हळद बंद, दुसरीकडे मुलगा पुण्याहून हळदीच्या कॅप्सूलची बाटली पाठवतो. ‘आई, लिव्हरला चांगली असते.’ आता हिशोब बघा. आपण दिवसभरात माणशी साधारण अर्धा चमचा हळद खातो. म्हणजे दीडएक ग्रॅम. हळदीतला जो गुणकारी भाग म्हणतात तो कर्क्युमिन. तो त्यात शेकडा तीन धरला तर पंचेचाळीस मिलिग्रॅम होतो. एका कॅप्सूलमध्ये तोच साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅम असतो, दहापट. वर त्यात मिरीचा अर्क घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये प्रयोग झाला होता, मिरीतल्या पिपरिनमुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीसपट जास्त पोहोचलं. बाटलीवर हे मोठ्या अक्षरात, गुण म्हणून छापतात. पण जास्त पोहोचलं म्हणजे लिव्हरला जास्त निस्तरावंही लागलं. अमेरिकेत २००४ ते २०२२ या काळातले, हळदीच्या गोळ्या-अर्कांनी लिव्हर सुजलेले दहा रुग्ण एका अभ्यासात नोंदले गेले. पाच जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं, एक दगावला. इटलीत तर सरकारने अशा बाटल्यांवर धोक्याची सूचना छापायला लावली. दहा हा आकडा लहान आहे, मला मान्य आहे. पण पिठल्यातल्या हळदीने लिव्हर सुजलेला एकही माणूस मी इतक्या वर्षांत पाहिला नाही.

दालचिनीचंही तेच. आपल्याकडे बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची, कॅशिया जातीची. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, ते जास्त झालं तर काहींच्या लिव्हरला बाधतं. मसालेभातातल्या दोन काड्यांना घाबरायचं कारण नाही. पण साखर कमी होईल म्हणून रोज सकाळी चमचाभर पूड मधातून, तेही वर्षानुवर्षं? ते थांबवा. मेथीच्या, लसणाच्या गोळ्या आणि अर्क घेणाऱ्यांनी, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. मसाल्याने लिव्हरला खरा धोका होतो तो बुरशीने. शेंगदाणे, वाळलेली मिरची, मका यांना ओल लागली की एक बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. लिव्हरच्या कॅन्सरचं ते सिद्ध झालेलं कारण आहे. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, दुसरं धान्यच नव्हतं. शंभराहून जास्त माणसं कावीळ होऊन गेली. आपल्याकडे मका कमी, पण शेंगदाण्याशिवाय आपलं एक जेवण होतं का? कूट, चटणी, उपासाची आमटी. खवट, काळपट, सुरकुतलेला, हिरवट पांढरी बुरशी धरलेला दाणा निवडून टाकायचा. ‘भाजला की जातं सगळं’ हे खरं नाही, भाजून ते विष पुरतं जात नाही. ‘एवढे महागाचे दाणे टाकायचे?’ म्हणणाऱ्या सासूबाई माझ्याही होत्या, मला माहीत आहे. तरी टाका.

मिरच्यांचं तसंच. एप्रिल-मे मध्ये आपल्या गच्च्यांवर मिरच्या वाळतात तेव्हा सगळ्या गल्लीला शिंका येतात. वळवाचा पाऊस एकदा पडून गेला की खालच्या थरातल्या मिरच्या ओल्या राहतात, आणि त्या तशाच डंकावर जातात. देठाजवळ फोडून बघा, आत राखाडी भुकटी दिसली तर ती मिरची गेली. काळा मसाला केला की बरणी कोरडी हवी, चमचा कोरडा हवा. हळद शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या हळदीत रंग असतो की नाही हे बघायला पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळला असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

मग लिव्हरसाठी मसाल्यांचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. लिव्हर ‘धुऊन काढणारा’ मसाला नाही. लिव्हर हेच शरीराचं धुणं धुतं, त्याला धुवायला वेगळं काही लागत नाही. पण सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द हल्ली घरटी एकाच्या तरी येतात. २०२१ पासून सरकारने मधुमेह-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा आजारही घेतलाय. त्यावर उपाय म्हणजे वजन. शंभरातले पाच किलो उतरले तरी लिव्हरची चरबी कमी होते, सात ते दहा उतरले तर सूजही उतरायला लागते. म्हणजे तेल कमी, साखर कमी, चालणं जास्त. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणाच्याही घरात होत नाही, कारण तेल कमी केलं की भाजी आजाऱ्याची लागते. मसाला कामाला येतो तो इथे.

आमच्या घरी चौघांना पाच लिटरचा तेलाचा कॅन महिनाभर पुरत नव्हता. डॉक्टर सांगतात माणशी महिन्याला अर्धा लिटर. यांच्या आजारानंतर मी पळीऐवजी चमचा घेतला. आमटीला दोन चमचे तेल. त्यात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता पूर्ण तडतडू दिला, लसूण ठेचून लाल केला, आणि काळा मसाला तेलावर न टाकता आधी पाण्यात कालवून घातला, म्हणजे जळत नाही आणि तर्री नसली तरी वास घरभर सुटतो. पहिला आठवडा सगळ्यांची तोंडं वाकडी. तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मेथीची भाजी मुगाची डाळ घालून, परतायला एक चमचा. जवसाची आणि कारळ्याची चटणी करायला तर तेल लागतच नाही, भाजायची आणि लसूण-मिरची घालून कुटायची. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती असली की पापड-कुरडयांची तळण आठवत नाही. जेवणानंतर सरबताच्या जागी जिरं-कोथिंबीर-हिंगाचं ताक.

साखरेचा एकच हिशोब सांगते. चार कप चहा, दर कपाला दोन चमचे, महिन्याला एका माणसाची सव्वा किलोच्या घरात साखर होते. गूळ घातला तरी लिव्हरला तेच. चहात आलं आणि गवती चहा वाढवा, साखर निम्मी करा. कॉफी पिणाऱ्यांनी मात्र खूश व्हावं, बिनसाखरेची कॉफी लिव्हरला बरी असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आपल्या गावात ती पितं कोण, हा प्रश्न वेगळा!

पुरुष मंडळींना एक सांगायचं आहे, रागावू नका. श्रावणात महिनाभर बंद ठेवली म्हणजे अकरा महिन्यांची फिटंफाट होत नाही. आणि मेडिकलमधून ‘लिव्हरचं टॉनिक’ आणून वरून पिणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण खालची फरशी पुसतोय.

आणि लस. बी प्रकारची कावीळ रक्तातून पसरते, लिव्हर आतून पोखरते, आणि वर्षानुवर्षं कळत नाही. लहान मुलांना तिची लस सरकारी लसीकरणात २०११ पासून देशभर मिळते. म्हणजे ही पुढे बसलेली पोरं सुरक्षित, आणि आपण मागे बसलेले बहुतेक जण नाही. आधी रक्ताची तपासणी, मग तीन इंजेक्शनं, पहिलं, महिन्याने दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं. मिसळणाच्या सात वाट्या एकत्र केल्या तरी या तीन सुयांची बरोबरी होणार नाही.

यांनी आता घड्याळ दाखवलं, आटोपते. बाहेर टेबलावर जवसाची, कारळ्याची आणि निवडलेल्या दाण्यांची अशा तीन चटण्या आणि भाकरीचे तुकडे ठेवलेत, चव बघा. कोणाकडे जुने रिपोर्ट असतील तर रविवारी सकाळी माझ्याकडे घेऊन या. औषध मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. आकडे समजावून सांगीन. येताना कागदाच्या मागच्या बाजूला लिहून आणा, काढा, पूड, कॅप्सूल, टॉनिक, घरात काय काय चालू आहे, रोज किती आणि केव्हापासून. माझ्या चिठ्ठीवरून सुरू केलेलं असेल तर तेही लिहा.

नमस्कार.